वजन कमी करायच्या ऑपरेशनची तयारी: तारीख ठरायच्या आधीपासून ऑपरेशनच्या सकाळपर्यंत

ऑपरेशन दीड-दोन तासांचं असतं आणि त्यात तुम्ही गाढ झोपलेले असता, म्हणजे तुमच्याकडे काम काहीच नाही. तुमचं सगळं काम त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत असतं. आणि तेच कुणी धड समजावून सांगत नाही. म्हणजे सांगतात, हातात चार पानं टेकवतात, हे खा, ते बंद, ही टेस्ट करून या, पण त्यात "का" कुठे लिहिलेलं नसतं, आणि का ते कळलं नाही की माणूस पळवाटा काढतो. मी काढल्या. माझं स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून छोटं करायचं, ऑपरेशन झालंय, त्याला आता बराच काळ लोटला, आणि तेव्हा मला जे कुणीतरी शेजारी बसवून सांगायला हवं होतं ते इथे लिहून टाकतेय.

माझं एकच म्हणणं आहे. तयारी म्हणजे नाटकाची तालीम समजा. ऑपरेशननंतर जे जे करायचंय, घोट घोट पाणी पिणं, चमचाभर खाऊन थांबणं, गोळ्या वेळेवर घेणं, भूक नसताना जेवणं आणि डोक्याला भूक असताना न जेवणं, ते सगळं आधीच, पोट धडधाकट असताना करून बघायचं. नंतरचे पहिले तीन-चार आठवडे अंगात ताकद नसते, डोकं बधिर असतं, त्या वेळी नवीन सवय लावायला बसलात तर रडकुंडीला याल.

आणि हो, तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, त्यांनी तुमचे रिपोर्ट बघितलेत, मी नाही.

आपण यात बसतो का, आणि नेमकं कुठलं ऑपरेशन

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १.६० मीटर आणि वजन १०८ किलो असेल तर १०८ भागिले २.५६, म्हणजे ४२ च्या आसपास. १९९१ पासून कित्येक वर्षं नियम असा होता की ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत डायबेटिस, बीपी असं काही असेल तरच ऑपरेशन. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी तो बदलला, आता ३५ च्या वर असेल तर बाकी आजार असो नसो, विचार करता येतो, आणि ३० ते ३५ मध्ये डायबेटिससारखा आजार असेल तरी. आशियाई वंशाच्या लोकांना कमी बीएमआयलाच त्रास सुरू होतात म्हणून त्यांच्यासाठी आकडा खाली धरलाय, २७.५ पासून. पण इन्शुरन्सवाले बरेचदा जुनाच नियम धरून बसतात, त्यामुळे पॉलिसीत काय लिहिलंय ते तारीख घ्यायच्या आधी वाचा, नंतर नाही.

मग प्रश्न येतो स्लीव्ह की बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात, उरते एक केळ्यासारखी नळी. कापलेल्या भागातच भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, जास्त तयार होतं, म्हणून भूक पण कमी होते. एकदा काढलेला भाग परत लावता येत नाही हे लक्षात ठेवा. बायपासमध्ये जठराची वरची छोटी पिशवी करतात, साधारण ३० मिली, आणि ती पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न बाकीच्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जातं. वजन बायपासने थोडं जास्त उतरतं, एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या साधारण ३० टक्के, स्लीव्हने २५ च्या आसपास. हे आकडे सरासरी आहेत, शेजारणीचं वजन किती उतरलं ते घेऊन सर्जनकडे जाऊ नका.

निवडताना खरा फरक कशाने पडतो? ॲसिडिटीने घशाशी येणं खूप असेल तर स्लीव्हने ते वाढू शकतं, तिथे बायपास बरं पडतं. डायबेटिस जुना आणि हट्टी असेल तरी बायपासचं पारडं जड. पण सांधेदुखीसाठी आयुष्यभर सूज कमी करणाऱ्या पेनकिलर लागणार असतील तर बायपासनंतर त्या चालत नाहीत, जोडाच्या जागी व्रण होतो. बायपासनंतर गोड जास्त खाल्लं तर डम्पिंग होतं, धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. काहींना हा त्रास म्हणजे पहारेकरी वाटतो, काहींना नुसता छळ.

सर्जनला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. वर्षाला किती करता, जोडातून किंवा टाक्यातून लीक झालं तर रात्री दोनला कुणाला फोन करायचा, डाएटिशियन ऑपरेशननंतर किती दिवस सोबत असते. शेवटच्या प्रश्नाला "तसं काही लागत नाही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे पण दाखवून घ्या, माझं मत.

धोका किती हे पण सरळ विचारा. अनुभवी हातांमध्ये मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास मानला जातो, पित्ताशयाच्या ऑपरेशनइतका. धोका शून्य नाही, पण लोक घाबरवतात तितका पण नाही.

फॉर्म भरताना खोटं बोलू नका, मी बोलले होते

खोटं म्हणजे काय, लिहिलंच नाही. माझे गुडघे दुखायचे आणि मी जवळजवळ वर्षभर आयब्युप्रोफेन घेत होते, कधी दिवसाला एक, कधी तीन. फॉर्मवर "चालू औषधं" असा रकाना होता, त्यात मी फक्त बीपीची आणि थायरॉईडची गोळी लिहिली, कारण पेनकिलर डॉक्टरांनी दिलेली नव्हती, आपली आपण घ्यायचे, ती "औषध" आहे हेच डोक्यात नव्हतं. एन्डोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पोट बघतात त्यात, दोन व्रण दिसले. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, गुलाबी भिंतीवर दोन पांढरट खड्डे, आणि विचारलं, "काय घेता?" ऑपरेशन आठ आठवडे पुढे गेलं. रजा मंजूर झालेली, घरच्यांनी रजा काढलेली, सगळं ओम फस्स.

म्हणून घरातलं औषधांचं खोकं, पर्स, ऑफिसचा ड्रॉवर, सगळीकडून जे जे तोंडात जातं ते टेबलवर मांडा आणि फोटो काढा. व्हिटॅमिन, झोपेची गोळी, काढे, जिमवाल्याने दिलेली पावडर, सगळं. तो फोटो सर्जनला, भूलतज्ज्ञांना आणि डाएटिशियनला दाखवा. आधीची ऑपरेशनं, ॲलर्जी, घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली असेल तर ते, भूल देताना कुणाला त्रास झाला असेल तर ते पण लिहा.

टेस्टची रांग आणि ती कशासाठी

रक्तात हिमोग्लोबिन, साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), किडनी, लिव्हर, थायरॉईड हे तर असतंच. पण फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, फॉलेट आणि डी व्हिटॅमिन आहेत का यादीत ते बघा, नसतील तर विचारा. वजन जास्त म्हणजे पोषण जास्त असं अजिबात नसतं, बऱ्याच जणांचं डी आणि लोह आधीच तळाला असतं, आणि ऑपरेशननंतर ते आणखी खाली जातं. खड्डा आत्ताच बुजवलेला बरा. एचबीएवनसी फार वर असेल तर बरेच सर्जन आधी ते ८ च्या खाली आणायला सांगतात, जखम भरण्यासाठी.

एन्डोस्कोपीमध्ये व्रण, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) आणि एच. पायलोरी नावाचा जंतू बघतात, जंतू सापडला तर अँटिबायोटिकचा कोर्स होतो आणि मगच पुढे. सोनोग्राफीत पित्ताचे खडे आहेत का, लिव्हर किती चरबट झालंय ते कळतं. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताचे खडे व्हायची शक्यता वाढते, म्हणून काही ठिकाणी ऑपरेशननंतर सहा महिने उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात, आपल्याला देणार का ते विचारून ठेवा.

ईसीजी, गरज पडली तर टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे हे ठरलेलं. झोपेची टेस्ट मात्र टाळू नका. मोठ्याने घोरता, सकाळी उठल्यावर डोकं जड, दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटतात, रात्री तुमचा श्वास थांबतो असं कुणी सांगितलंय, तर स्लीप ॲप्निया असू शकतो. भूल आणि वेदनेची औषधं दोन्ही श्वास मंदावतात, त्यामुळे हे आधी माहीत असणं गरजेचं आहे. त्यासाठी सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं, दिलं तर ते ऑपरेशनच्या आधी काही आठवडे रोज लावा, सवय व्हायला वेळ लागतो, पहिल्या रात्री मास्क ओढून फेकावासा वाटतो. आणि ॲडमिट होताना तेच मशीन सोबत न्या.

एक बारीकशी गोष्ट, बीपी घेताना हाताला छोटा पट्टा करकचून लावला तर आकडा खोटाच वर येतो. माझ्या बाबतीत दोनदा झालं, विनाकारण गोळी वाढवायची वेळ आलेली. मोठा पट्टा मागून घ्या, लाजू नका, तो त्यांच्याकडे असायलाच हवा.

सिगारेट, तंबाखू, दारू

इथे तडजोड नाही. निदान सहा आठवडे आधी बंद आणि नंतर परत सुरू नाही. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, टाके भरत नाहीत, लीक, व्रण आणि फुप्फुसाचा त्रास वाढतो. काही सर्जन रक्त किंवा लघवीत निकोटिन तपासतात आणि सापडलं तर तारीख रद्द. व्हेप म्हणजे ई-सिगारेट पण यातच आलं. सोडायला पॅच, गम चालेल का ते सर्जनला विचारा, कारण त्यातही निकोटिनच असतं आणि टेस्टमध्ये येतं.

दारूचं वेगळं आहे. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, तीच दारू लवकर आणि जास्त चढते, आणि खाण्यातून मिळणारा दिलासा गेला की काही लोक नकळत ग्लासकडे वळतात. हे होतं, आणि ऑपरेशनला वर्ष-दोन वर्षं उलटून गेल्यावर होतं, जेव्हा सगळे तुमचं कौतुक करत असतात. आधीपासून प्रमाण जास्त असेल तर आत्ताच बोला.

गोळ्यांचा हिशोब

स्वतःहून काही बंद करू नका आणि स्वतःहून काही चालू पण ठेवू नका, प्रत्येक गोळीपुढे "कधी थांबवू, कधी सुरू" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. काही गोष्टी मात्र मुद्दाम विचारा, कारण गर्दीत राहून जातात.

रक्त पातळ करणारी औषधं. डायबेटिसच्या गोळ्या आणि इन्सुलिन, कारण ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांचा लिक्विड डाएट सुरू झाला की पोटात कार्ब, म्हणजे पोळी-भात-साखर, जवळजवळ जात नाही आणि जुनाच डोस घेतला तर साखर धाडकन पडते, हे बऱ्याच जणांना डाएटच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं, घाम फुटून हात थरथरायला लागल्यावर. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ज्यांच्या नावात "ग्लिफ्लोझिन" येतं त्या गोळ्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, काही वेळा डाएट सुरू होतानाच, कारण उपाशीपोटी त्यांनी रक्तात ॲसिड वाढू शकतं आणि तेव्हा साखर नॉर्मल दिसत असते म्हणून कुणाला शंका येत नाही. सेमाग्लुटाइडसारखं आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं, तुम्ही उपाशी असलात तरी आत अन्न असू शकतं.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या रक्ताच्या गुठळीच्या भीतीने साधारण महिनाभर आधी थांबवतात. मग मधल्या काळात काय वापरायचं ते ठरवा, कारण वजन उतरायला लागलं की अनियमित पाळी सुधारते आणि दिवस राहायची शक्यता वाढते, आणि ऑपरेशननंतर निदान वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायचं असतं. बायपासनंतर तोंडावाटेच्या गोळ्यांवर भरवसा नको, दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून आधीच ठरवा. हे कुणी आपणहून काढत नाही, लाजतात बहुतेक.

हळूहळू विरघळणाऱ्या मोठ्या गोळ्या नंतर नीट लागू पडत नाहीत किंवा गिळवत नाहीत, त्यांच्या जागी काय ते पण आधीच विचारा.

डोक्याची तपासणी

सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं की लोकांना वाटतं आपल्याला नापास करायला पाठवलं. तसं नसतं. रात्री उठून खाणं, लपून खाणं, पोट फुटेस्तोवर खाऊन मग स्वतःचा राग येणं, असं असेल तर ते सांगायची हीच जागा. जठर छोटं होतं, डोकं तेवढंच राहतं. मऊ, ओघळणाऱ्या गोष्टी, आईस्क्रीम, चिप्सचा चुरा, गोड शेक, छोट्या पोटातूनही मजेत खाली जातात, आणि वजन परत चढतं ते बहुतेक त्याच वाटेने.

मला माझ्या सायकॉलॉजिस्टने एक काम दिलं होतं, पंधरा दिवस खाताना वेळ आणि बाजूला कारण लिहायचं. कारण या रकान्यात "भूक" किती वेळा आलं माहितीये? दिवसातून दोनदा, फार तर. बाकी सगळं कंटाळा, राग, कुणीतरी पुढे केलं म्हणून, टीव्ही चालू होता म्हणून. ती वही मी अजून ठेवलीय.

आणि जेवणाला शेवटचा निरोप द्यायची जी लाट येते, आता पुन्हा कधी मिळणार म्हणून रोज काहीतरी, ती सगळ्यांना येते. एखादं जेवण ठीक आहे, तीन आठवड्यांचा निरोप समारंभ नको, त्यात चार-पाच किलो वाढतात आणि लिव्हर आणखी फुगतं.

तालीम: रोज, निदान महिनाभर

सगळ्यात आधी पाणी. ऑपरेशननंतर गटागटा पिता येत नाही, आणि दिवसाला दीड ते दोन लिटर जायला तर हवं. हिशोब करा, ३० मिली दर पंधरा मिनिटांनी म्हणजे तासाला १२० मिली, बारा-तेरा तासांत दीड लिटर. ऐकायला सोपं वाटतं ना? मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येतो तो प्लास्टिकचा छोटा कप धुऊन ऑफिसात ठेवला आणि फोनवर पंधरा मिनिटांचा अलार्म. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सहा वेळा विसरले, शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, "एवढं औषध कशाचं घेताय?" आठवडा लागला हाताला सवय व्हायला. नंतर तोच कप माझ्या कामी आला.

जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. मला सगळ्यात जड हेच गेलं, स्लीव्हच्या डाएटपेक्षा पण जड. सोडा, गॅसवाली पेयं आणि स्ट्रॉ बंद. चहा-कॉफी हळूहळू कमी करा, एकदम नाही, नाहीतर लिक्विड डाएटच्या पहिल्या दिवशी भुकेसोबत डोकेदुखी पण येते आणि तुम्ही दोष डाएटला देता.

मग चावणं. छोटी ताटली, लहान मुलांचा चमचा, एक घास पंचवीस वेळा, घास तोंडात असताना चमचा खाली ठेवायचा. हातात धरला की पुढचा घास आपोआप भरला जातो, बघा करून. जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवायचं, वीसच्या आत नाही आणि अर्ध्या तासाच्या पुढे पण नाही, कारण दिवसभर कुरतडत बसणं हाही घात आहे. पहिल्यांदा पंचवीस वेळा चावलं तेव्हा मला कळलं की मी आयुष्यभर अन्न गिळत होते, चव फक्त पहिल्या दोन घासांची घेत होते.

ताटात प्रोटीन आधी. नंतरचं टार्गेट साधारण ६० ते ८० ग्रॅम रोज असतं आणि जागा असते वाटीभर, तेव्हा भाकड गोष्टींना जागाच उरत नाही. प्रोटीन पावडरची मोठी पिशवी आत्ता घेऊ नका, छोटी पाकिटं आणून दोन-तीन चवी बघा. ऑपरेशननंतर चव बदलते, आधी आवडलेली व्हॅनिला नंतर वासाने पण नको होते, आणि मोठा डबा कपाटात तुमच्याकडे बघत बसतो.

व्हिटॅमिन आयुष्यभर घ्यायची आहेत, ती सवय आत्ताच लावा. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, डी, लोह आणि कॅल्शियम सायट्रेट, दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ पण एकदम नाही, दोन-तीन वेळा वाटून. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, एकत्र घेतलं की कॅल्शियम लोह नीट शोषू देत नाही. सात कप्प्यांची डबी आणा, आजारी माणसासारखं वाटतं पण काम करते.

चालणं. जिम लावायची गरज नाही. आज दहा मिनिटं जमतं तर दहा, दर आठवड्याला पाच वाढवा. गुडघे बोलत असतील तर खुर्चीत बसून हात-पाय हलवा, पाण्यात चाला. फुप्फुसासाठी तीन बॉल वर उचलायचं प्लास्टिकचं स्पायरोमीटर मिळतं, ते पण आधीच वापरायला शिका, नंतर पोट दुखत असताना कुणी शिकवायला लागलं की राग येतो.

शेवटचे दोन आठवडे: लिव्हरसाठीचा डाएट

हा डाएट वजन उतरवायला नसतो, हे नीट समजून घेतलंत तर अर्धी लढाई जिंकलात. लिव्हरचा डावा भाग जठरावर पांघरुणासारखा पडलेला असतो, सर्जनला तो वर उचलून धरावा लागतो तेव्हा कुठे जठर दिसतं. लिव्हर चरबीने फुगलेलं असेल तर ते जड, ठिसूळ असतं, उचलताना रक्तस्राव होऊ शकतो, आणि कधीकधी दुर्बिणीतून काम जमतच नाही, ऑपरेशन अर्ध्यावर थांबवतात. लिव्हरमध्ये साखरेचा साठा असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. कार्ब बंद केलं की साठा संपतो, पाणी जातं, मागोमाग चरबी पण कमी होते, आणि दोन आठवड्यांत लिव्हर चांगलंच आकसतं.

साधारण ८०० ते १२०० कॅलरी, कार्ब कमी, प्रोटीन भरपूर. काही ठिकाणी पूर्ण लिक्विड, काही ठिकाणी दोन शेक आणि एक हलकं जेवण. वजन खूप असेल तर दोनऐवजी चार आठवडे पण देतात.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. पहिला दिवस उत्साहात जातो. दुसरा-तिसरा दिवस वाईट, डोकं ठणकतं, चिडचिड, हातपाय गळून गेल्यासारखे. चौथ्या-पाचव्या दिवशी विचित्रपणे बरं वाटायला लागतं, भूक बोथट होते. मग आठव्या-नवव्या दिवशी कंटाळा येतो, आणि घसरतात ते तिथे, भूक नसते, चावायला काहीतरी हवं असतं. मी नवव्या दिवशी रात्री फ्रिजसमोर उभी राहून चीजचा तुकडा खाल्ला, मग घाबरून दुसऱ्या दिवशी डाएटिशियनला फोन केला. ती म्हणाली, "एका तुकड्याने लिव्हर फुगत नाही, पण आता आजचा दिवस वाया गेला म्हणून आणखी खाऊ नका." हे दुसरं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. घसरलात तर सांगा आणि परत रुळावर या.

मीठ घातलेलं गाळलेलं सूप दिवसातून एकदा घेतलं की डोकेदुखी आणि चक्कर बरीच कमी होते, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून. बद्धकोष्ठता होते, त्यासाठी काय घ्यायचं ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. डायबेटिस असेल तर साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. स्वयंपाक तुम्हीच करत असाल तर या दोन आठवड्यांपुरता तरी दुसऱ्या कुणाकडे द्या, चव बघताना कढईतूनच अर्धं जेवण होतं.

पहिल्या चार-पाच दिवसांत वजन झपकन उतरतं, ते बरंचसं पाणी असतं. त्याने हुरळून जाऊन "मग ऑपरेशन कशाला" असं कुणी म्हणेल, घरातलंच कुणीतरी म्हणेल, ठरलेलं असतं.

घर, ऑफिस, बॅग

बैठं काम असेल तर दोन आठवडे रजा धरा, उचलाउचलीचं असेल तर चार ते सहा. त्या काळात जड काही उचलायचं नाही, लहान मूल पण नाही, म्हणजे मूल तुमच्याकडे चढून येईल एवढी खुर्ची-सोफ्याची सोय बघा. कुणाला सांगायचं कुणाला नाही ते तुमच्यावर आहे, पण घरातल्या एका माणसाला सगळं माहीत असलं पाहिजे, औषधांची यादी, डॉक्टरचा नंबर, धोक्याच्या खुणा.

सूप गाळून आईस ट्रेमध्ये गोठवा, एकेक क्यूब काढून गरम करता येतो. थर्मामीटर, छोटे कप, पुरी पडतील एवढी औषधं आणून ठेवा. आत्ताचे फोटो आणि कंबर, दंड, मांडीची मापं घ्या. नको वाटतं, माहितीये, तरी घ्या, पुढे वजनाचा काटा तीन-तीन आठवडे अडून बसतो तेव्हा टेपच धीर देते.

बॅगेत ढगळे कपडे, पुढून उघडणारा शर्ट, सहज घालता येतील अशा चपला, लिप बाम, लांब वायरचा चार्जर, सीपॅप असेल तर ते, सगळे रिपोर्ट, आणि एक छोटी उशी. उशी खोकताना पोटावर दाबून धरायला आणि परत येताना गाडीत सीटबेल्टच्या आत ठेवायला.

फ्रिजवर एक कागद लावा. घरी आल्यावर नाडी १२० च्या वर राहत असेल, ताप, पोटात वाढत जाणारं दुखणं, धाप, पोटरी सुजून दुखणं, पाणी सुद्धा टिकत नाही अशी उलटी, तर वाट बघायची नाही, फोन करून सरळ निघायचं. लीकमध्ये पहिली खूण बरेचदा नुसती वाढलेली नाडी असते. आणि उलट्या चालूच राहिल्या तर बी१ कमी होऊन नसांवर, मेंदूवर परिणाम होतो, म्हणून "बघू उद्या" चालत नाही.

आदला दिवस आणि ती सकाळ

उपाशी किती वेळ राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. सर्वसाधारण नियम घन पदार्थ निदान सहा तास आणि पाण्यासारखं स्वच्छ द्रव दोन तास, पण बऱ्याच ठिकाणी रात्रीपासूनच काही नाही म्हणतात. तुम्हाला जे सांगितलं ते. सकाळी कुठली गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची तेही लिहून घ्या. सांगितलेल्या साबणाने अंघोळ, क्रीम-पावडर नाही, नेलपॉलिश काढा कारण बोटाला ऑक्सिजनचा क्लिप लावतात, अंगठ्या घरी ठेवा. सर्दी, ताप, जुलाब, दाताला सूज, काहीही असेल तर आदल्या दिवशीच कळवा. ऑपरेशन पुढे ढकललं तर ढकललं.

तिथे पायांना घट्ट मोजे किंवा फुगणारे पट्टे लावतात आणि पोटात बारीक सुईची इंजेक्शनं देतात, दोन्ही रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. जाग आल्यावर खांद्यात दुखेल, दचकू नका, दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि उरलेला गॅस पोट आणि छातीमधल्या पडद्याला डिवचतो त्याची ती कळ असते. चाललं की कमी होते. त्याच संध्याकाळी उठवतात, खोलीच्या दारापर्यंत, मग गॅलरीच्या टोकापर्यंत, एका हातात सलाईनचा स्टँड आणि दुसऱ्या हाताने उशी पोटाशी.

मला पाणी द्यायला परवानगी मिळाली तेव्हा नर्सने पूर्ण ग्लास भरून टेबलवर ठेवला आणि म्हणाली, "हळू हं, घोट घोट." मी बॅगेतून तो खोकल्याच्या औषधाचा कप काढायला सांगितला, फोनवर पंधरा मिनिटांचा अलार्म लावला, आणि पहिले ३० मिली प्यायले.